घरच्या संगणकासाठी परवडणारी एक्सटर्नल हार्ड डिस्क: किती क्षमतेची, कोणत्या कंपनीची आणि घेताना काय पाहावे?

निशिगंध:

नमस्कार मंडळी. आमच्या सांगलीच्या घरी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे आणि त्यातली ५०० जीबीची हार्ड डिस्क आता भरत आली आहे. वडिलांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत गावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तने ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. नव्वद मिनिटांच्या शंभरेक कॅसेट आहेत आणि माझा भाऊ त्या एकेक करून संगणकावर उतरवून घेतो आहे. त्यांतले बरेच कीर्तनकार आज हयात नाहीत, त्यामुळे हे ध्वनिमुद्रण हरवले तर पुन्हा कुठूनही मिळणार नाही. त्याशिवाय घरचे फोटो, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आणि लग्नाच्या दोन मिनी-डीव्ही (व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) टेप आहेत.

आमची तयारी सहा-सात हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आहे. दुकानदार ४ टीबीची डिस्क घ्या म्हणतो, तर इंटरनेटवर दोन हजारांत १६ टीबी अशी जाहिरात दिसते आहे. नेमकी किती क्षमतेची घ्यावी, कोणत्या कंपनीची घ्यावी आणि त्याऐवजी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) घेणे बरे का, हे जाणकारांनी सांगावे. एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची डिस्क घरात आहे. तिचा काही उपयोग होण्यासारखा असेल तर तेही सांगावे.

दगडफूल:

निशिगंध, आधी क्षमतेचा हिशेब करू, कारण अनावश्यक पैसे बहुतेक वेळा तिथेच जातात. कॅसेटवरचा आवाज सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये साठवला तर तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. नव्वद मिनिटांच्या शंभर कॅसेट म्हणजे १५० तास, म्हणजे साधारण ९५ जीबी. तुमचे बंधू जतनाच्या दृष्टीने ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर काम करत असतील तर तासाला दोन जीबीहून थोडे अधिक धरा. तरीही सगळे मिळून ३१० जीबीच्या आसपास होते. मिनी-डीव्ही टेप मूळ स्वरूपात उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे दोन टेपचा भार किरकोळ आहे. खरी जागा मोबाइलचे व्हिडिओ खातात. फोर-के चित्रण असेल तर एका मिनिटाला दीड-दोनशे एमबी सहज जातात आणि लग्नसराईच्या एका आठवड्यात पन्नास जीबी कधी भरले ते कळतही नाही.

या हिशेबाने आजच्या गरजेला १ टीबी पुरेल आणि पुढची काही वर्षे धरली तर २ टीबी ऐसपैस होईल. ४ टीबीची तुम्हाला गरज दिसत नाही. मात्र १ टीबी आणि २ टीबीच्या किमतींतला फरक दुकानात अवश्य विचारा. डबी, मोटर, सर्किट आणि केबल यांचा खर्च दोन्हींना जवळपास सारखाच येत असल्याने २ टीबीची किंमत सहसा दुप्पट नसते. भाव सारखे खालीवर होत असतात, म्हणून आकडा सांगत नाही. प्रत्येक टीबीला किती रुपये पडतात ते कागदावर मांडून पाहिले की दुकानदाराच्या आग्रहाचा प्रश्न राहत नाही.

आणखी एक, म्हणजे घरी आणल्यावर शंका यायला नको. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत, एवढेच त्याचे कारण आहे. कुणी फसवलेले नसते.

केवडा:

दोन हजारांतल्या १६ टीबीबद्दल ठामपणे सांगते: ती अजिबात घेऊ नका. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क अनेक वर्षे ५ टीबीपर्यंतच मिळत होत्या आणि २०२४ मध्ये त्या ६ टीबीपर्यंत पोहोचल्या. तळहाताएवढ्या डबीत, तेही या किमतीला, १६ टीबी असूच शकत नाही. अशा डब्या उघडल्या की आत एखादे छोटे मेमरी कार्ड आणि वजन भासावे म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा निघतो. त्यातल्या चिपचे प्रोग्रॅमिंग असे बदललेले असते की संगणकाला खोटी क्षमता दिसते. फाइली कॉपी होताना दिसतात, त्यांची नावेही दिसतात, पण खरी जागा संपल्यानंतर आधीच्या माहितीवर नवी माहिती चढत जाते. याचा पत्ता काही महिन्यांनी फाइल उघडायला गेल्यावर लागतो, आणि तोवर मूळ प्रत पुसून टाकलेली असते.

रानवाट:

माझा अनुभव असा आहे की एका विशिष्ट कंपनीच्या डिस्क हमखास बिघडतात. आमच्या नात्यात दोघांकडच्या गेल्या. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, पण खरेदीपूर्वी कंपनीची चौकशी करावी असे वाटते.

दगडफूल:

रानवाट, तुमची हानी खरी आहे, पण त्यावरून कंपनी ठरवता येईल असे मला वाटत नाही. सीगेटने २०११ साली सॅमसंगचा हार्ड डिस्कचा व्यवसाय विकत घेतला आणि वेस्टर्न डिजिटलने २०१२ साली हिताचीचा. तेव्हापासून फिरत्या तबकडीची डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाहेरच्या डबीवर दुसरे कोणतेही नाव असले तरी आतली डिस्क या तिघींपैकीच कुणाची तरी असते. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. त्यांतून एवढे स्पष्ट दिसते की फरक कंपनीपेक्षा मॉडेलनुसार जास्त पडतो. एकाच कंपनीचे एक मॉडेल उत्तम निघते आणि दुसरे निराशा करते. शिवाय त्या डिस्क साडेतीन इंची, कायम चालू असणाऱ्या आणि वातानुकूलित खोलीतल्या आहेत. आपण वापरतो त्या अडीच इंची डिस्कना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही.

दुरुस्तीच्या कामात मी ज्या डिस्क पाहतो त्यांतल्या बहुतेक पडल्यामुळे किंवा चालू असताना हलवल्यामुळे गेलेल्या असतात. तबकडी फिरत असताना वाचनाचे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. त्या अवस्थेत डिस्क टेबलावरून खाली आली, किंवा उभी ठेवलेली डबी नुसती आडवी पडली, तरी हेड तबकडीला घासते आणि मग तो ठराविक लयीचा टकटक आवाज सुरू होतो. तो आवाज आला की डिस्क पुन्हापुन्हा लावून पाहू नये, कारण दर वेळी तबकडीवरचा थर आणखी खरवडला जातो.

कंपन्यांमधला एक फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक अडीच इंची एक्सटर्नल डिस्कमध्ये यूएसबीचे सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर बसवलेले असते आणि आत साटा (संगणकाच्या आतल्या डिस्कची नेहमीची) जोडणी नसतेच. इतर बऱ्याच डब्यांमध्ये साधी साटा डिस्क आणि तिच्यावर बसवलेला छोटा बोर्ड असतो. सॉकेट सैल झाले किंवा तुटले तर दुसऱ्या प्रकारातली डिस्क काढून नव्या केसिंगमध्ये (बाहेरच्या डबीत) घालता येते. पहिल्या प्रकारात बारीक सोल्डरिंग करावे लागते. म्हणून एकाच कंपनीवर फुली मारू नका, पण ते सॉकेट मात्र जपा. त्या चपट्या, रुंद मायक्रो-बी सॉकेटमध्ये केबल तिरकी घालणे किंवा डिस्क केबलने लोंबकळत ठेवणे, ही त्याच्या तुटण्याची नेहमीची कारणे आहेत.

पाणवठा:

डेस्कटॉप संगणक आहे म्हणून एक वेगळा पर्याय सुचवतो. एक्सटर्नल कशाला? कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची जागा रिकामी असेल तर अंतर्गत डिस्क घ्या. वेग जास्त मिळेल, केबल सैल होण्याची भीती नाही आणि टेबलावरून पडण्याचीही नाही.

केवडा:

पाणवठा, नेहमीच्या वापराची जागा वाढवायची असेल तर तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पण निशिगंध यांना कीर्तने जपायची आहेत. एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर) चालणाऱ्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती असल्या तरी त्यांच्यावर येणारे संकट एकच असते. विजेचा दाब अचानक वाढला किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही एकदमच जातील. काम झाल्यावर काढून कपाटात ठेवता येते, हा एक्सटर्नल डिस्कचा सर्वांत मोठा गुण आहे. जोडलेलीच नसलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोहोचू शकत नाही.

वाशिष्ठी:

मी चिपळूणची. जुलै २०२१ च्या पुरात आमच्या भागात तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा कित्येकांचा संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच खोलीत होती आणि दोन्ही चिखलात गेली. सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ बद्दल मी वेगळे सांगायला नको. छायाचित्रकारांमध्ये एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या नद्यांकाठच्या गावांना यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. निशिगंध, तुमचे कुणी नातेवाईक दुसऱ्या गावात, शक्यतो वरच्या मजल्यावर राहत असतील तर एक प्रत त्यांच्याकडे ठेवण्याची व्यवस्था आधी करा आणि मग कोणती डिस्क घ्यायची ते ठरवा. एका मोठ्या डिस्कऐवजी दोन लहान डिस्क असणे कितीतरी सुरक्षित आहे.

निशिगंध:

वाशिष्ठीताई, मनापासून आभार. हा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. बहीण पुण्याला तिसऱ्या मजल्यावर राहते, तिच्याकडे एक प्रत सहज ठेवता येईल. पण मग खर्च दुप्पट होईल का?

दगडफूल:

होणार नाही, कारण तुमच्याकडे ती लॅपटॉपची ५०० जीबीची डिस्क आहे. अडीच इंची साटा डिस्कसाठी यूएसबी ३.० चे केसिंग काही शे रुपयांत मिळते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मागा. सर्व कीर्तने उत्तम दर्जात ठेवली तरी ३१० जीबीच होतात, म्हणजे ती या डिस्कवर मावतात. फोटोंपैकी निवडकही मावतील. तेव्हा नवी डिस्क घरी ठेवा आणि जुनी पुण्याला पाठवा.

मात्र जुनीवर विसंबण्यापूर्वी तिची तब्येत पाहायला हवी. क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडला की स्मार्ट नावाचा तक्ता दिसतो. त्यातल्या ०५, सी-५ आणि सी-६ या ओळींतले मूळ आकडे शून्य असायला हवेत. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (तबकडीवरचे माहितीचे लहान कप्पे), सी-५ म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रतीक्षेत ठेवलेले आणि सी-६ म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेले. सी-५ मध्ये शून्याहून वेगळे काही दिसले तर ती डिस्क या कामाला घेऊ नका. सी-७ वाढलेला असेल तर घाबरू नका, तो बहुधा केबलचा किंवा जोडणीचा दोष असतो. सुरुवातीला आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा पायाच्या पद्धतीत दिसतात, ते फंक्शन मेनूतून दशमान करून घ्या.

रानवाट:

आणि एसएसडीचे काय? ती पडली तरी काही होत नाही.

केवडा:

पडण्याच्या बाबतीत एसएसडी निश्चितच वरचढ आहे आणि वेगही कितीतरी जास्त आहे. रोज बरोबर न्यायची असेल तर मी तीच घ्या म्हणेन. इथे दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे त्याच पैशांत क्षमता बरीच कमी मिळते. दुसरी अशी की एसएसडी विद्युतभाराच्या रूपाने माहिती साठवते आणि वीज न देता दीर्घकाळ, विशेषतः उष्ण जागी, पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. कपाटात ठेवून वर्षातून एकदा काढायच्या प्रतीसाठी फिरती डिस्क अधिक योग्य. बंद ठेवलेल्या फिरत्या डिस्कलाही वर्षातून एक-दोनदा लावून थोडा वेळ चालवावे, हे आलेच.

वेगाचा विषय निघाला आहे म्हणून आणखी थोडे लिहिते. आज १ टीबी आणि त्यापुढच्या अडीच इंची डिस्क जवळपास सगळ्याच एसएमआर पद्धतीच्या असतात. यात तबकडीवरचे माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती बसते आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधले एखादे कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे मधली माहिती बदलायची झाली की पुढचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम लांबणीवर टाकण्यासाठी आलेली माहिती आधी एका राखीव भागात घेते. तो भाग भरला की सेकंदाला शंभर एमबीने चाललेले कॉपीचे काम एकदम वीस-तीसवर येते. डिस्क खराब आहे असे समजून लोक तिथेच केबल उपसतात, जे करू नये. कॉपी संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे डिस्क जोडलेली राहू द्यावी, म्हणजे तिचे आतले आवरण्याचे काम पुरे होते. एकदा लिहायचे आणि मग फक्त वाचायचे, अशा तुमच्या कामाला ही पद्धत चालते. विंडोज किंवा रोजचे प्रोग्रॅम अशा डिस्कवरून चालवायला मात्र जाऊ नका.

पाणवठा:

केवडा यांचा आधीचा मुद्दा मान्य. जोडणीबद्दल थोडी भर घालतो. जुन्या कॅबिनेटचे पुढचे यूएसबी पोर्ट आत एका बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि त्या वायरीत विजेचा दाब कमी होतो. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळणे अपेक्षित आहे. तबकडी फिरायला सुरुवात होते तेव्हा हीच गरज काही क्षण बरीच वाढते. पुढच्या पोर्टला डिस्क लावल्यावर ती फिरते, थांबते, पुन्हा फिरते, असे होत असेल तर बहुतेक वेळा वीज अपुरी पडत असते. डिस्क नेहमी संगणकाच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. त्यांत निळा पोर्ट असेल तर तो ३.० चा, तोच वापरा. फक्त काळे पोर्ट असतील तर डिस्क चालेल, पण वेग सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच मिळेल आणि ३०० जीबी कॉपी व्हायला अडीच-तीन तास लागतील. डिस्कबरोबर आखूड केबल येते ती तेवढ्यासाठीच आखूड असते. स्वस्त लांब केबल लावू नका. साडेतीन इंची एक्सटर्नल डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तिची क्षमता मोठी असते, पण तुम्हाला ती नको.

वाशिष्ठी:

वॉरंटीबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे या तिन्ही कंपन्यांच्या एक्सटर्नल डिस्कवर साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते, तरी खोक्यावरचा आकडा पाहून घ्या आणि पक्के बिल मागा. दुकानातच फोनवरून कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून पाहिला तर वॉरंटी भारतातली आहे की परदेशातून आलेला माल आहे, हे लगेच कळते. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून डिस्क मागवली तर तिची वॉरंटी इथे मिळेलच असे धरून चालू नये. शिवाय वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतली माहिती नाही. माहिती परत काढण्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो.

निशिगंध:

सर्वांचे आभार. आता आमचे असे ठरले आहे: या तिघींपैकी जिच्या २ टीबी डिस्कचा भाव त्या दिवशी चांगला असेल ती बिलासह स्थानिक दुकानातून घ्यायची, जुन्या डिस्कला केसिंग आणायचे आणि ती बहिणीकडे ठेवायची. दोन शंका उरल्या आहेत. नवी डिस्क आणल्या आणल्या तपासायची कशी? आणि फॉरमॅट (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) कोणता ठेवावा? आमच्याकडे वीज बऱ्याचदा जाते आणि यूपीएसची बॅटरी उतरली आहे. बहिणीकडे विंडोजचाच लॅपटॉप आहे.

दगडफूल:

तपासणीसाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्रॅम वापरा. तो पूर्ण डिस्क भरून लिहितो आणि नंतर प्रत्येक गोष्ट वाचून ताडून पाहतो. २ टीबीला लिहिणे आणि वाचणे मिळून अकरा-बारा तास लागतील, एसएमआरमुळे थोडे अधिकही. यूपीएस चालत नसल्याने वीज शक्यतो जात नाही अशी वेळ निवडा. आधी आणि नंतर स्मार्टच्या त्या तीन ओळी पाहा. दोन्ही वेळा शून्य असेल आणि शेवटी चूक नाही असा निकाल आला, तरच तिच्यावर माहिती घाला. दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्यापूर्वी हे करा, कारण त्यानंतर कंपनीकडे पाठवावी लागते आणि बदली म्हणून बऱ्याचदा दुरुस्त केलेली डिस्क येते.

फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता येते म्हणून लोक ते सुचवतात, पण त्यात होणाऱ्या बदलांची नोंदवही नसते. लिहिताना वीज गेली तर फाइलींची यादीच बिघडण्याची शक्यता तिथे जास्त असते. एनटीएफएस अशी नोंद ठेवते आणि पुन्हा सुरू झाल्यावर सावरते. तुमच्याकडे मॅक नाही, तेव्हा निवड सोपी आहे. फॅट-३२ चा तर विचारच नको. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि तुमची मिनी-डीव्हीची एक टेप त्याच्या तिप्पट आहे.

शेवटची विनंती बंधूंना. डब्ल्यूएव्ही फाइली फ्लॅक या आवाजाच्या फाइल-प्रकारात बदलून ठेवल्या तर आवाजात काहीही फरक न पडता जागा बरीच वाचते, आणि प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी-५ ठसा (आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नोंदलेला असतो. वर्षातून एकदा बहिणीकडची डिस्क लावाल तेव्हा फ्लॅकची चाचणी सगळ्या फाइलींवर चालवली की एखादी बिघडलेली फाइल नावानिशी सापडते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती बदलता येते. कॅसेटच्या कडेवरचे रेकॉर्डिंगचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडले आहेत ना, तेही पाहून घ्या, म्हणजे चुकून त्यांवर दुसरे काही मुद्रित होणार नाही. सगळे उतरवून झाले तरी मूळ कॅसेट टाकू नका.